भिंतीचे काम

धुळ्याच्या शाळेत आम्ही सातवीत होतो तेव्हाची, १९६८ सालची ही गोष्ट. स्नेहसंमेलनात ज्ञानेश्वरांच्या जीवनावर एक लहानसे नाटक बसवायचे ठरले होते. आमचे पाठांतर वर्गात चांगले मानले जाई आणि आवाजही खणखणीत होता. निवडीच्या दिवशी गुरुजींनी ज्ञानेश्वरांचे भाषण आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतले आणि तिन्ही वेळा समाधानाने मान डोलावली. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी फळ्याशेजारी पात्रांची यादी लागली. ज्ञानेश्वरांच्या पुढे दुसऱ्याच मुलाचे नाव होते. आमचे नाव यादीच्या तळाशी होते आणि त्याच्या अलीकडे एकच शब्द होता : 'भिंत'.

योगी चांगदेव वाघावर बसून येतो आणि त्याला सामोरे जाण्यासाठी ज्ञानेश्वर व त्यांची भावंडे बसल्या जागची भिंत चालवतात, ही कथा महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. आमच्या नाटकातली भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून चुना फासलेले गोणपाट होते. तिच्यामागे चार मुलांनी वाकून चालायचे आणि ती पुढे सरकवायची. त्या चौघांपैकी आम्ही एक.

मधल्या सुट्टीत गुरुजींनी आम्हांला बाजूला घेतले. ते सज्जन गृहस्थ होते आणि त्यांच्या मनाला ही गोष्ट लागली असावी. ते म्हणाले, "तुझे म्हणणे सर्वांत उत्तम होते. पण ध्वनिक्षेपकावर नावे पुकारावी लागतात. ज्ञानेश्वर, आणि पुढे तुझे नाव. लोक हसतील रे. तुलाच वाईट वाटेल." आमचे नाव एका प्रेषिताचे आहे. त्या दिवसापर्यंत आम्हांला ते फार आवडत असे.

नाताळच्या सुट्टीत भुसावळहून मामा आले. ते तेथील लोको शेडमध्ये फिटर होते आणि रेल्वेखालोखाल त्यांचे प्रेम चित्रपटांवर होते. सगळी हकीकत ऐकून ते मोठ्याने हसले. "तुझ्या गुरुजींनी 'प्रभात'चा ज्ञानेश्वर पाहिलेला दिसत नाही. अरे, तो आपल्यातल्याच माणसाने केला आहे. शाहू मोडक. नगरचा ख्रिस्ती मुलगा !" आम्हांला ते खरे वाटेना. चुलीजवळ बसलेली आजी उभे आयुष्य अहिराणी बोलणाऱ्या शेजारात राहिलेली. रागावली की ती अहिराणीतच बोले. ती म्हणाली, "नाव काय देखस ? मानूस कसा शे ते देख."

पुढच्या वैशाखात मामा आम्हांला अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेला घेऊन गेले. बोरी नदीच्या कोरड्या पात्रात पाळणे, भांड्यांची दुकाने आणि शेवरेवडीच्या राशी यांच्या पलीकडे फिरत्या सिनेमाचा तंबू होता. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये दोरी. 'संत ज्ञानेश्वर' हा १९४० सालचा चित्रपट तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा झाला होता. पडद्यावर पाऊस पडावा तशा रेघा पडत होत्या आणि रीळ बदलताना तंबूत अंधार होई. मामांनी कोपराने ढोसून सांगितले, "हाच तो." आम्ही डोळे फाडून पाहू लागलो. त्या चेहऱ्यात आम्ही काहीतरी ओळखीची खूण शोधत होतो. चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या माणसांसारखे काही. तसे काहीच सापडले नाही. समाधीचा प्रसंग आला तेव्हा दोरीपलीकडची एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती. पडद्यावरच्या त्या माणसाचे नाव तिला ठाऊक होते की नाही, कोण जाणे. तिचे त्यावाचून काही अडले नव्हते.

आम्हांला मात्र आनंदाबरोबर एक प्रश्न मिळाला, तो पुढे पुष्कळ वर्षे पुरला. जे काम आमच्या शाळेच्या रंगमंचावर अशक्य ठरले, ते पुण्याच्या स्टुडिओत १९४० साली कसे शक्य झाले ? कोणत्या चेहऱ्याने कोणाचे काम करावे, हे ठरवतो कोण आणि कशावरून ?

पुढे शिक्षकाचा पेशा पत्करून आम्ही जळगावला स्थायिक झालो. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला जाऊन चित्रपट-रसास्वादाचा महिनाभराचा अभ्यासक्रम केला. तेथील चित्रपटशिक्षणाची शासकीय संस्था १९६० साली स्थापन झाली ती प्रभात फिल्म कंपनीच्याच जागेत. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली ही कंपनी १९३३ साली पुण्याला आली आणि १९५३ च्या सुमारास बंद पडली. ज्या आवारात आमच्या ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्याच आवारात आम्ही वह्या घेऊन बसलो होतो. स्टुडिओच्या काळी पात्रनिवड कशी होई, हे आम्हांला तेथे कळले.

मूकपटाच्या आरंभी निवडीला फारसा वावच नव्हता. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळके यांना तारामतीचे काम करणारी स्त्री मिळेना. अखेर मुंबईच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. प्रेक्षकांनी ते मानले. बोलपटाचा काळ आला, मोठे स्टुडिओ उभे राहिले, तेव्हा नटनट्या मासिक पगारावर राहू लागल्या. कंपनीच्या आवारात रोज दिसणाऱ्या माणसांतूनच भूमिकेसाठी माणूस हेरायचा, अशी पद्धत पडली. सुताराला फळीची जात कळावी तशी दिग्दर्शकाला आपल्या माणसांची जात कळे. येथे 'जात' हा शब्द आम्ही लाकडाच्या अर्थाने वापरीत आहोत. दुसऱ्या अर्थाने ती पाहिली असती, तर 'प्रभात'चे उत्तम चित्रपट झालेच नसते.

'संत तुकाराम'चेच पाहा. १९३६ साली दामले-फत्तेलाल यांनी हा चित्रपट केला. तुकोबांसाठी निवडलेले विष्णुपंत पागनीस नाटकातून स्त्रीभूमिका करीत आलेले. स्टुडिओतल्या काहींना ही निवड पटली नव्हती, असे सांगतात. पुरुषी रुबाब नसलेला नट संतश्रेष्ठाचे काम कसे करणार, ही शंका स्वाभाविक होती. पण स्त्रीभूमिकांनी त्यांच्या अंगाला जे वळण लावले होते, तेच कामी आले. त्यांचा तुकाराम कोणावर चाल करून जात नाही. समोरच्याला जागा देतो. त्यांच्यासमोर भागवतांचा सालोमालो छाती काढून, हातवारे करून बोलतो. जिजाईचे काम गौरी या नटीचे. ती कोणी नावाजलेली तारका नव्हती. किरकोळ कामे करीत 'प्रभात'मध्येच वर आलेली होती. या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला आणि मुंबईत तो एका चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला.

शाहू मोडकांची गोष्ट याच परंपरेतली. १९१८ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मराठी ख्रिस्ती घरात त्यांचा जन्म झाला. १९३२ च्या 'श्यामसुंदर'मध्ये भालजी पेंढारकरांनी त्यांना कृष्ण केले, तेव्हा ते जेमतेम चौदा वर्षांचे होते. पुढे त्यांनी एकोणतीस चित्रपटांत कृष्ण रंगविला, असे सांगितले जाते. १९३९ साली शांतारामबापूंनी 'माणूस'मध्ये त्यांना पोलीस शिपायाचा गणवेश चढवला. जुगाराच्या अड्ड्यावर छापा घालताना गणपत शिपायाला मैना भेटते. शांता हुबळीकरांची ही मैना बदनाम वस्तीतली. गणपत तिला माणूस म्हणून वागवतो, आपल्या आईकडे घेऊन जातो. आणि दुसऱ्याच वर्षी हा शिपाई ज्ञानेश्वर झाला. आमच्या आजीचे वाक्य आठवून आम्हांला राहून राहून वाटे की, 'माणूस' हे नाव तिनेच सुचविले असते.

जिज्ञासू वाचक विचारील की, हे सारे ठीक, पण चेहरा निवडला म्हणजे चित्रपट होतो काय ? होत नाही. १९२० च्या आगेमागे रशियातील लेव्ह कुलेशॉव्ह यांनी मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेऊन त्याला एकदा सूपाची थाळी, एकदा शवपेटी अशी वेगवेगळी चित्रे जोडली. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर भूक दिसली आणि शोकही दिसला. म्हणजे चेहऱ्याला अर्थ येतो तो शेजारच्या चित्रामुळे. मोडकांच्या मुद्रेवरचे ज्ञानेश्वरपण काही त्यांच्या नाकाडोळ्यांत होते, काही दिग्दर्शकाच्या मांडणीत होते आणि उरलेले त्या तंबूत डोळे पुसणाऱ्या म्हातारीच्या मनात होते. हे तिन्ही वेगळे करून पाहायचे, तर एकेक प्रसंग सोडवून पाहण्याखेरीज उपाय नाही. आजचे अभ्यासक जे प्रसंगविश्लेषण करतात त्याचे मर्म हेच.

गेली काही वर्षे महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी, जळगावच्या आमच्या चर्चच्या सभागृहात दहा-बारा मुलेमुली जमतात. एक प्रक्षेपक आहे, भिंतीवर चादर आहे. पूर्ण चित्रपट आम्ही पाहत नाही. चार-पाच मिनिटांचा एक प्रसंग तीन वेळा पाहतो. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा थांबवत थांबवत. थांबवले की ठरलेले प्रश्न : कॅमेरा कोणाच्या उंचीवर आहे ? कोण कोणाकडे पाहत आहे ? चित्र कोठे तुटले आणि तेथेच का ? एखाद्या चेहऱ्यावर चित्र किती वेळ थांबले ? शेवटी एक खेळ असतो. नटाच्या जागी दुसरा नट कल्पून पाहायचा आणि काय बदलते ते सांगायचे. ही बदलून पाहण्याची युक्ती भाषाशास्त्रातली आहे. शब्दातले एक अक्षर बदलले की अर्थ बदलतो का, हे भाषाशास्त्रज्ञ पाहतात. १९७८ साली जॉन ओ. थॉम्पसन यांनी ती पडद्यावरच्या अभिनयाला लावून दाखविली. आमच्या मुलांना हे नाव सांगितले नाही तरी चालते, खेळ मात्र त्यांना लगेच कळतो.

जिजाईचा देवळातला प्रसंग आम्ही असाच पाहिला. मूल आजारी आहे, घरात दाणा नाही. जिजाई मुलाला ओढत देवळात आणते आणि वहाण हातात घेऊन विठोबाला जाब विचारते. पहिल्यांदा सगळी मुले हसली. आवाज बंद करून पाहिले तेव्हा हसू ओसरले. एक मुलगा म्हणाला, "ती घरात नवऱ्याशी उभी राहते तशीच इथेही उभी आहे." हे फार नेमके होते. देवासमोर माणसे आवाज बदलतात, अंग चोरतात. जिजाई बदलत नाही. मग खेळ सुरू झाला. गौरीच्या जागी १९३७ च्या 'कुंकू'तली शांता आपटे ठेवली तर ? ती नटी मोठी, तिचा संतापही जळजळीत. पण मुलांचे म्हणणे पडले की, मग ते भांडण विचारातून आलेले वाटेल. गौरीचे भांडण रिकाम्या डब्यातून आलेले वाटते. शेवटी तुकोबा गरुडावर बसून वैकुंठाला निघतात तेव्हा जिजाई त्यांच्याबरोबर जात नाही. तिला घर आहे, म्हैस आहे, पोरे आहेत. ही बाई जमिनीवर राहणार हे आपल्याला पटते, कारण निवड करणाऱ्यांनी आधीच जमिनीवरची बाई निवडलेली असते. कलासमीक्षक गीता कपूर यांनी या चित्रपटातील थेट समोरासमोरच्या मांडणीवर मार्मिक विवेचन केले आहे. आमच्या मुलांनी त्याच वाटेवरचे एखादे पाऊल आपापल्या बुद्धीने टाकले, याचे आम्हांला कौतुक वाटले.

याच खेळाने पात्रनिवडीची काळी बाजूही दिसते. पागनीसांना तुकोबांनी जे धरले ते सोडले नाही. पुढे ते 'संत तुलसीदास' झाले, 'नरसी भगत' झाले. १९४३ साली ते वारले तोवर लोकांना त्यांच्यात संतच दिसत राहिला. हॉलिवूडमध्ये तर नट सात-सात वर्षांच्या करारांनी बांधलेले असत. ऑलिव्हिया द हॅव्हिलंड या अभिनेत्रीने न्यायालयात दाद मागितली, तेव्हा १९४४ साली स्टुडिओंना करार परस्पर लांबवण्यास मनाई झाली. तेथे चेहऱ्यांची प्रतवारी याहून कठोर होती. पर्ल बक यांच्या चिनी शेतकऱ्यांवरील कादंबरीवरून १९३७ साली 'द गुड अर्थ' हा चित्रपट निघाला. अ‍ॅना मे वाँग ही चिनी वंशाची समर्थ अभिनेत्री लॉस एंजेलिसमध्येच होती. परंतु नायक म्हणून पॉल म्यूनी हा गौरवर्णीय नट ठरला आणि त्याच्या चिनी पत्नीचे काम जर्मनीत जन्मलेल्या लुइझे रायनर यांच्याकडे गेले. त्या कामाला ऑस्कर मिळाले. येथे आपण आपल्याकडेही पाहिले पाहिजे. अमेरिकन चित्रपटांसाठी १९३० साली जी नीतिनियमावली झाली, तिच्या मसुद्यात फादर डॅनियल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. पडद्यावर सद्भिरुची राहावी हा त्यांचा हेतू आम्ही समजू शकतो. पण गोऱ्या आणि काळ्या माणसांतील प्रेमसंबंध दाखवू नयेत, असेही एक कलम त्या नियमावलीत होते. कोणाच्या शेजारी कोण शोभते, हे तेथे नियमाने ठरले. आमच्या शाळेत ते लोकांच्या हसण्याच्या भीतीने ठरले होते.

हिंदी पडद्याने आपल्या समाजाला जी कामे दिली, ती वाचकांना माहीत आहेतच. 'बॉबी' (१९७३) मधला जॅक ब्रगांझा दिलदार आहे, पण हातात बाटली असलेला. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधला अँथनी गोन्साल्विस देशी दारूचा अड्डा चालवतो. या नावाचे खरे गृहस्थ गोव्याचे व्हायोलिनवादक व संगीतरचनाकार होते. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. शिष्याने गुरूचे नाव प्रेमाने गाण्यात आणले, पण पडद्यावर त्या नावाला काम मिळाले ते अड्डेवाल्याचे. आम्ही अनेक वर्षे ही यादी मोठ्या आवेशाने मांडत असू. आपल्याला कोणी चांगले काम देत नाही, हे आमच्या बोलण्याचे सार असे. मोडकांचे उदाहरण आम्ही त्यात हुकमी पानासारखे टाकीत असू.

एका रविवारी हा आवेश उतरला. त्या दिवशी आम्ही श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'मधला (१९७६) एक प्रसंग घेतला होता. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला हा चित्रपट. २०२४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखविली गेली. बिंदूचे काम स्मिता पाटील यांचे. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, म्हणून खानदेशात स्मिताविषयी घरच्यासारखा जिव्हाळा आहे. गोऱ्या नायिकांच्या त्या काळात बेनेगल यांनी हा सावळा चेहरा निवडला आणि कॅमेऱ्याने तो उजळ करण्याचा खटाटोप केला नाही. आम्ही खेळ सुरू केला : तिच्या जागी त्या काळची एखादी गोरी, नाजूक तारका ठेवा. एक मुलगी म्हणाली, "मग ती त्या गावातली वाटणार नाही, गावात आलेली पाहुणी वाटेल." आम्ही शाबासकी दिली. ती तेथेच थांबली नाही. "मग सर, आपल्या नाताळच्या नाटकात मरिया नेहमी गोरीच का असते ?"

प्रक्षेपकाचा पंखा तेवढा घरघरत राहिला. आम्हांला १९९१ सालचा नाताळ आठवला.

त्या वर्षी नाटक आम्हीच बसवले होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून शिकायला आलेली, पावरा समाजातली एक मुलगी वसतिगृहात होती. निवडीच्या दिवशी तिने मरियेचे बोलणे म्हणून दाखवले. तिच्या मराठीला पावरी हेल होता. देवदूताचा निरोप ऐकून घाबरलेली, तरीही होकार देणारी खेड्यातली मुलगी आमच्यासमोर उभी होती, असे आज वाटते. त्या दिवशी आम्ही तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतले आणि तिन्ही वेळा मान डोलावली. मग मरियेचे काम दुसऱ्या एका उजळ मुलीला दिले आणि हिला मेंढरू केले. आम्ही तिला बाजूला घेऊन समजावलेही नाही. आमच्या गुरुजींनी निदान तेवढे केले होते.

आम्ही दुष्टपणा केला, असे तेव्हा वाटले नाही. आजही आम्ही त्या कृत्याला कपटाचे नाव देणार नाही. पण म्हणून ते हलके होत नाही. घराघरांत लागलेल्या छापील चित्रातली निळ्या ओढणीची गोरी मरिया आमच्या डोळ्यांसमोर होती. आमची निवड त्या चित्राने आमच्याआधीच करून टाकली होती. ते चित्र ज्याने काढले, त्याने आपल्या गावातली मुलगी समोर बसवली असेल. त्यात त्याचे चुकले नाही. आम्ही मात्र आमच्या गावातली मुलगी समोर उभी असताना त्याच्या गावातली शोधत राहिलो. लोक हसतील, ही भीती गुरुजींनी बोलून दाखवली होती. आम्ही ती मनातही उच्चारली नाही, इतकी ती आमच्यात मुरली होती.

त्या रविवारी मुलीच्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले नाही. घरी येऊन जुने पत्ते धुंडाळले. ती पुढे परिचारिका झाली होती आणि सातपुड्याकडच्याच एका ग्रामीण रुग्णालयात होती. एका शनिवारी एस.टी.ने आम्ही तिकडे गेलो. दुपारची पाळी संपवून ती बाहेर आली. पांढऱ्या वेशात, केस पिकू लागलेली, चालण्यात अधिकार आलेला. आम्हांला तिने लगेच ओळखले, चहा मागवला. आम्ही अडखळत ती जुनी गोष्ट काढली आणि चुकलो म्हणालो. क्षमेचे शब्द आपण आयुष्यभर प्रार्थनेत म्हणतो, पण माणसासमोर ते किती जड जातात हे त्या दिवशी कळले.

ती हसली. "मरियेचे काम मला हवे होते, सर. खोटे कशाला बोलू ? पण मेंढराचेही मी चांगले केले होते. आमच्याकडे शेळ्या होत्या ना; गव्हाणीत वास घेऊन पाय कसा मागे घेतात ते मला ठाऊक होते. तुम्ही पाहिले होते ना ?"

आम्ही पाहिले नव्हते. त्या रात्री आम्ही पडद्याआड उभे राहून मरियेकडेच पाहत होतो, ती आपले वाक्य विसरेल म्हणून. आम्ही तसे सांगितले. तिने मान हलवली आणि बशीतला चहा आमच्याकडे सरकवला.

परतताना चोपड्याच्या पुढे केळीचे मळे लागले. एस.टी.च्या खिडकीशी बसून आम्ही आमच्या त्या जुन्या नाटकाचा विचार करीत होतो. ज्ञानेश्वर झालेल्या मुलाचे नाव आम्हांला अजून आठवते. गोणपाटामागे आमच्या खांद्याला खांदा लावून वाकलेल्या तिघांपैकी एकाचेच आठवते. बाकी दोघे कोण होते ? त्यांनाही कोणीतरी काही कारणाने तेथे ठेवले असेल. आमचे दुःख इतकी वर्षे आम्ही जपले, मात्र आमच्याबरोबर भिंत उचलणाऱ्यांना आम्ही कधी विचारले नाही.

आता मुलांना विचारायच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घातली आहे आणि तो पहिला ठेवला आहे. चित्र थांबवले की आधी मधल्या चेहऱ्याकडे पाहायचे नाही. कडेला कोण उभे आहे, ते पाहायचे. त्याचे हात काय करीत आहेत ते सांगायचे. नाताळच्या नाटकाची निवड आता ही मुलेच करतात. डोळे मिटून सर्वांचे वाचन ऐकतात आणि मग ठरवतात. गेल्या वर्षी मरिया कोण झाली हे आम्ही येथे सांगत नाही, कारण निवड त्यांची होती. आम्ही त्यांच्याकडे एक काम मागून घेतले होते. गव्हाणीमागची पुठ्ठ्याची भिंत नाटकभर धरून ठेवायला एक माणूस हवा होता. तेथून मेंढरे अगदी जवळून दिसतात.